तुम्ही विचारलंत म्हणून: दृढीकरणानंतर, म्हणजे मूल बिशपसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतं त्या विधीनंतर, मुलं जातात कुठे?

मी संडे स्कूलची, चर्चमधल्या रविवारच्या मुलांच्या वर्गाची ताई, म्हणून पालक मला गाठतात: चर्च सुटल्यावर अंगणात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर नागपूरच्या सदर भागातल्या बाजारात भाजी घेताना. "ताई, दृढीकरण झालं, बिशपसोबत फोटो झाला, आता पोरगं चर्चला येऊनच नाही राहिलं. तुम्ही शिकवता तरी काय?"

शिकवते ते सांगते. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, विश्वासांगीकार, तेविसावं स्तोत्र. स्तोत्राला वचनं 6, म्हणून रविवार 6. वचन फळ्यावर लिहायचं, सगळ्यांनी तीनदा वाचायचं, मग एकेक शब्द पुसत जायचं. नामं आधी पुसायची, क्रियापदं शेवटी. क्रियापद दिसत असलं की बाकीचं वाक्य मुलं त्याच्याभोवती जुळवतात. सहाव्या रविवारी वर्ग घडाघडा म्हणतो. वर्षभराने विचारा, गाडी चौथ्या वचनापाशी थांबते, कारण मधल्या काळात घरी ते कुणी एकदाही म्हटलेलं नसतं.

संडे स्कूल 45 मिनिटांचं. एकही रविवार चुकला नाही असं धरलं तरी वर्षाचे 39 तास होतात, आणि त्यातली 15 मिनिटं दर वेळी हजेरीत, गाण्यात नि उशिरा आलेल्यांना बसवण्यात जातात. दहावीनंतर कोचिंगच्या टेस्ट नेमक्या रविवारी सकाळी. एवढ्यात मी पिढी घडवायची! बायबलातल्या अनुवाद या पुस्तकात, 6:7 मध्ये, मुलांच्या मनावर बिंबवायचं काम आईबापाला दिलंय, घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता. संडे स्कूलच्या ताईचं नाव त्यात नाही.

कौटुंबिक उपासना घराघरात का बंद पडते, तेही सांगून टाकते. जेवणानंतर ठेवतात, म्हणून. पोट भरलेलं मूल पेंगतं; जेवणाआधी ठेवा, 10 मिनिटांत आटपा. जानेवारीत उत्पत्तीपासून उत्साहाने सुरू करतात आणि लेवीयात, होमार्पणांच्या नियमांपाशी, अडकतात. त्यापेक्षा मार्काचं शुभवर्तमान घ्या. 16 अध्याय, रोज दहा-बारा वचनं, दोन महिन्यांत संपतं आणि मुलाला काहीतरी पुरं केल्याचं वाटतं. वाचन मुलाने करायचं, बाबांनी नाही. आजोबांची प्रार्थना लांबत असेल तर त्यांना शेवटी फक्त आशीर्वाद म्हणू द्या. आणि "यातून काय शिकलास?" हे विचारू नका, त्याला एकच ठरलेलं उत्तर येतं. "यात घाबरलं कोण?" असं विचारा.

हे सगळं खरं आहे, आणि इथपर्यंत मी सगळा दोष तुमच्या पदरात टाकला. आता माझा.

युवकांचा रविवार होता. नववीतल्या एका मुलाला योहान 15 चं वाचन दिलं होतं. शाळा इंग्रजी, मित्रांशी हिंदी, मराठी फक्त आजीशी. देवनागरी त्याला यायची, पण अक्षर अक्षर जोडत. वाचन मी त्याला शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. आदल्या संध्याकाळी! घरी कुणीतरी ते रात्री रोमनमध्ये लिहून दिलं. रोमन लिपीत ल आणि ळ एक, ट आणि त एक. कागदावर "वेल" की "वेळ" ते ज्याचं त्याने ओळखायचं. मुलाला रोजच्या बोलण्यातला शब्द माहीत होता. माइकसमोर तो म्हणाला, "मी खरा द्राक्षवेळ आहे."

मागून हसू आलं. मी पहिल्या बाकावर होते. तिथूनच मोठ्याने म्हणाले, "वेल, बाळा, वेल." त्याने पुन्हा वाचलं, पुन्हा वेळच आलं, कारण तोवर त्याची ओळ हरवली होती. पुढच्या वचनात फळ न देणारा फाटा काढून टाकतात, त्यातला "फाटा" त्याच्या तोंडून "फाता" निघाला आणि तो तिथेच थांबला. पाळकांनी उरलेलं वाचलं. दृढीकरणापर्यंत तो मुकाट येत राहिला, सगळी उत्तरं अचूक दिली. नंतर नाही.

वाचन कसं द्यायचं ते मला तेव्हाही माहीत होतं. आठवडाभर आधी, मोठ्या टाइपात, एका ओळीत एकच वाक्य, श्वास घ्यायच्या जागी उभी रेघ. रिकाम्या चर्चमध्ये दोनदा सराव, तोही माइक चालू ठेवून. स्वतःचाच आवाज वरून येतो तेव्हा मुलं बिचकतात. आणि चूक झालीच तर बाकावरून कुणी ब्र काढायचा नाही. बाजारात मला थांबवणारी बाई त्याचीच आई. तिला मी कोचिंगचं कारण सांगितलं.

तेव्हाची मी मात्र अजून भांडते. पवित्र शास्त्र वाटेल तसं वाचलेलं चालवून घ्यायचं का? वेल म्हणजे वेळ नव्हे. तिचं मला खोडता येत नाही.

मुळात विश्वास वारशाने येतो की निवडून, हेच ठरलेलं नाही. 29 नोव्हेंबर 1970 ला इथेच, नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा मंडळ्या, म्हणजे वेगवेगळे चर्च-पंथ, एकत्र येऊन आपली सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली. तारीख क्विझमध्ये सगळ्यांना येते. त्या सहांपैकी आपले आजोबा कुठले होते, ते एकालाही येत नाही. काही मंडळ्या तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करणाऱ्या, काही समजत्या वयाची वाट पाहणाऱ्या. त्या थोरामोठ्यांनी निकाल लावला नाही, दोन्ही मान्य केलं. आणि कवी ना. वा. टिळकांचं काय? त्यांना नवा करार बापाने दिला नव्हता, नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्याने दिला. 1895 मध्ये बाप्तिस्मा. त्यांना कुठलं संडे स्कूल?

आता काही जण म्हणतात, दृढीकरण 18 नंतरच ठेवा, मूल स्वतः मागेल तेव्हा. मी अजून हो म्हटलेलं नाही. 18 व्या वर्षी ते नागपुरात असेल, पुण्यात की बंगळुरूला, आणि तिथे त्याला मागायला सुचवणार कोण?