पुण्यात केशर: कंदाच्या वजनाची नोंदवही

विकत आणलेल्या काश्मिरी कंदांना पहिल्या ऑक्टोबरात येणारी फुलं ही पांपोरच्या, म्हणजे काश्मीरमधल्या केशराच्या गावच्या, मातीची कमाई असते. पुण्यातल्या मेहनतीचा हिशेब लागतो तो पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये, कंद काट्यावर ठेवल्यावर. म्हणून ही नोंद तिथूनच.

उचलणी. पानं पूर्ण वाळेपर्यंत कंदांना हात लावू नये. पिवळी पडायला लागली की पाणी बंद. माती झटकायची, धुवायचं नाही. वरचं तपकिरी तंतुमय साल राहू द्यावं. नव्या कंदाच्या बुडाशी जुना मातृकंद वाळक्या चकतीसारखा चिकटलेला असतो, तो अंगठ्याने अलगद सोडवून टाकावा. ओल तिथेच धरते आणि बुरशीही तिथूनच चढते. मग प्रत्येक कंद वजन करून वेगळा. 8 ग्रॅमच्या खालच्यांकडून फुलाची अपेक्षा नको, ते फक्त वाढवायचे. 10 ग्रॅमच्या पुढचे फुलांच्या ट्रेसाठी.

साठवण (मे ते सप्टेंबर). सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कंदाच्या आत कळी तयार व्हायला 23 ते 27 अंश तापमान सलग दोन महिने तरी लागतं. पुण्याच्या मे महिन्यात स्लॅबखालची खोली पस्तिशी सहज ओलांडते, आणि 30 च्या वर कळी धरत नाही किंवा आतच जळते. फ्रीजमध्ये ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे: 4 अंशांना कंद दिसायला टवटवीत राहतो, पण कळी बनतच नाही आणि ऑक्टोबरात नुसती पानं येतात. तळमजल्यावरची उत्तरेकडची खोली आणि 25 वर एसी, एवढं जमवावं. कंद जाळीच्या क्रेटमध्ये एकाच थरात. पावसाळी दमटपणात पंखा मंद चालू ठेवावा आणि आठवड्याला प्रत्येक कंद दाबून बघावा. बुडाशी मऊ लागला तर फ्युजेरियम बुरशीची कूज समजून लगेच बाहेर. निळसर-हिरवी बुरशी बहुधा जखम झालेल्या जागी दिसते.

फुलोरा. ऑक्टोबर हीटमुळे उघड्या बाल्कनीत कोंब फुटतात, पण फूल आवरणातच अडकतं. इथे 15 ते 17 अंश हवेत, आणि घरचा एसी 16 वर लावला तरी खोली तिथवर उतरत नाही. कंदांचे ट्रे ठेवायला जुना फ्रीज आणि त्याला बाहेरून जोडलेला एसटीसी-1000 कंट्रोलर (ठरवलेलं तापमान राखणारं यंत्र) हा स्वस्त आणि भरवशाचा मार्ग. सेन्सर कंदांच्या उंचीवर टांगावा. मागच्या भिंतीला टेकला तर आकडा खोटा येतो. आत पाण्याची उथळ थाळी ठेवून आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास राखावी, हवा कोरडी पडली की कोंबाची टोकं तपकिरी होतात. या टप्प्यावर माती लागत नाही.

फूल उमललं त्याच सकाळी खुडावं. तीन लाल तंतू, पिवळा भाग सुरू होतो तिथे कापायचे. 50 अंशांच्या आसपास, मोडल्यावर तुटतील इतके वाळवायचे. वजन साधारण पाचव्या हिश्शावर येतं. एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुलं लागतात, तेव्हा घरच्या दोन ट्रेमधून डबी भरत नाही. बाटली हवाबंद आणि अंधारात ठेवावी.

लागवड. फुलं संपताच कंद मातीत. लाल माती 2 भाग, भरड वाळू 1, मुरलेलं गांडूळखत 1, त्यात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी). काळी माती मुळीच नको, पाणी धरून ठेवते. खोली 8 ते 10 सेंटिमीटर. एका कंदावर दोन-तीनच जोमदार कोंब ठेवून बाकीचे काढावेत, नाहीतर पुढच्या वर्षी लसणाच्या पाकळीएवढे ढीगभर कंद मिळतात आणि त्यातला एकही फुलत नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी पुणं या पिकाला मानवतं: थंड रात्री, स्वच्छ ऊन. कुंडी दिवसभराच्या उन्हात, वरची दोन इंच माती सुकली की पाणी. अडचण फेब्रुवारीत येते. पारा तेहेतिशीकडे सरकला की पानं लवकर पिवळी पडतात आणि कंद भरायचा थांबतो. काश्मीरमध्ये पानं वसंतभर हिरवी राहतात, इथे तेवढे आठवडे मिळत नाहीत. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळावं, मातीवर नारळाच्या काथ्याचा थर द्यावा आणि दुपारनंतर ग्रीननेट ओढावी. मुळं गार राहिली की पानं जास्त टिकतात. तरीही बहुतेक नवे कंद 8 ग्रॅमच्या आत राहिले, तर ते पुढच्या हंगामात फुलांच्या ट्रेमध्ये न घालता ऑक्टोबरअखेर थेट मातीत लावावेत.