स्टोअरमधल्या ब्लेडचा हिशोब

गेटवरच्या वॉचमनचा फोन आला, "साहेब, रत्नागिरीकडनं पार्सल आलंय. गोणपाटातनं पाणी गळतंय, आत घेऊ का बाहेरच ठेवू?"

जुलैचा दुसरा आठवडा. भोसरीत सकाळपासून पाऊस लागलेला. गोणपाट सोडलं तर आतून आमचेच तीन फूटस्टेप निघाले. जीपसारख्या गाड्यांना दाराखाली जी लांब पायरी असते ती. ड्रॉइंगवर तिचं नाव रनिंग बोर्ड, शॉपमध्ये फूटस्टेप, आणि तिच्यावर पाय ठेवणारे तिला नुसतं पायरी म्हणतात. 1400 लांब, 160 रुंद, 2 मिमी जाडीचा पत्रा आणि त्यावर 4 मिमी काळं रबर. तिन्ही तुकड्यांचं रबर बाहेरच्या कडेने उचललेलं होतं, एखाद्या वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर भिजून फुगावं तसं.

सोबत डीलरचं पत्र होतं. वडापच्या गाडीतून उतरताना एका बाईंच्या चपलेचं टोक त्या उचललेल्या रबरात अडकलं, त्या तोंडावर पडल्या, मनगट मोडलं. गाडीला जेमतेम अकरा महिने झालेले. पत्राच्या शेवटी एक ओळ: आपल्याकडील क्वालिटीच्या माणसाने उत्तर द्यावे. गाडीवाल्या कंपनीचे इन्स्पेक्टर दुपारी 3 वाजता येणार होते. उत्तर द्यायला आमच्याकडे साडेपाच तास.

त्या छोट्या कंपनीत तेव्हा मी डिझाइन बघायचो आणि गरज पडली की क्वालिटीही. म्हणजे रोजच.

तुकडा टेबलावर घेतला. रबर कुठून सुटलंय हे बघितल्याशिवाय कुणावर बोट दाखवायचं नाही, असा आमच्या धंद्यातला रिवाज. रबर स्वतःच फाटलं असेल आणि पत्र्यावर त्याचा थर तसाच चिकटून असेल, तर जोड रबरापेक्षा पक्का, काम चोख. रबर अ‍ॅडेझिव्हवरून सुटलं असेल तर मोल्डिंगवाल्याला विचारायचं, पत्रा तापलेल्या साच्यात ठेवून चहाला गेला होतास का? रबर येईपर्यंत अ‍ॅडेझिव्ह तिथल्या तिथे शिजून बसतं, मग ते कशालाच धरत नाही. आणि सगळं थेट पत्र्यावरून सुटलं असेल तर ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा करून पत्रा साफ आणि खरखरीत करणं), तेलाचा डाग, घामाचा हात. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या डी 429 चाचणीत या प्रकारांना अक्षरं दिलेली आहेत: आर म्हणजे रबरच फाटलं, आरसी म्हणजे अ‍ॅडेझिव्हवरून सुटलं, सीपी म्हणजे अ‍ॅडेझिव्ह आणि त्याखालचा प्रायमर यांच्यामधून, एम म्हणजे थेट पत्र्यावरून. आमच्याकडे मुकादमसुद्धा ही अक्षरं बोलतो.

मधल्या भागात मी ब्लेडने खाच पाडली आणि पक्कडीने रबर ओढलं. हलेना. जोर लावला तर रबर फाटलं, पत्र्यावर काळा थर तसाच. आर. शंभर टक्के आर. कडेपासून मात्र दोन-अडीच सेंटिमीटर आतपर्यंत पत्रा उघडा, आणि त्यावर लालभडक गंज. बोट फिरवलं तर गेरूसारखा रंग लागला. गंजाच्या वासात थोडा खारट वास मिसळला होता, निदान मला तरी तसं वाटलं.

म्हणजे मधे बाँड अप्रतिम आणि कडेला नावालाही नाही. एकाच तुकड्यावर, एकाच अ‍ॅडेझिव्हने, एकाच प्रेसमध्ये.

मीटिंगमध्ये जे व्हायचं तेच झालं. मोल्डिंगवाल्यांनी अ‍ॅडेझिव्ह रूमकडे बोट दाखवलं, अ‍ॅडेझिव्ह रूमवाल्यांनी ब्लास्टिंगकडे, ब्लास्टिंगवाल्यांनी पावसाकडे. पावसाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. ब्लास्ट केलेला पत्रा पावसाळी हवेत उघडा राहिला तर काही तासांत त्याला पिवळसर झाक येते. म्हणून आमच्याकडे 4 तासांच्या आत प्रायमर मारायचा नियम होता. रजिस्टर काढलं. वेळा बरोबर. तारखा बघितल्या तर ते तीन तुकडे तीन वेगळ्या महिन्यांतले, त्यातला एक तर ऐन मार्चमधला. पाऊस निर्दोष सुटला.

लॅबवाला मुलगा सॉल्ट स्प्रेचे, म्हणजे गंजाच्या चाचणीचे, रिपोर्ट घेऊन आला. 5 टक्के मिठाचं पाणी, 35 अंश, 240 तास. सगळे पास. मी प्लेटा मागवल्या. छान होत्या, गंजाचा ठिपका नाही. कडांना चारी बाजूंनी मेण लावलेलं.

"हे मेण कशाला?"

"सर, कापलेली कड गंजते ना. मग रिझल्ट खराब येतो."

त्याची चूक नव्हती. रंगाच्या पॅनलची तशीच चाचणी करतात, त्याला तेच शिकवलेलं. पण गाडीवरच्या पायरीच्या कडेला मेण कोण लावणार? मी हे मनात ठेवलं, बोललो नाही, कारण अजून गंज कडेतून आत शिरला कसा ते कळत नव्हतं. मोल्डिंगनंतर खालची बाजू आणि कड आम्ही काळ्या रंगाने मारत होतो. रंग असताना पाणी पत्र्यापर्यंत पोचायला वाट कुठली?

एवढ्यात स्टोअरवाले काका दारात उभे. हातात इंडेंट, म्हणजे मालाची मागणीचिठ्ठी. "सही पाहिजे. कटरची ब्लेडं संपली."

"काका, आत्ता नको."

"आत्ताच पाहिजे. फिनिशिंगच्या बाया बसून आहेत. मी मालकांना दहादा सांगितलं, त्या फूटस्टेपच्या टेबलावर ब्लेडं खातात की काय! बाकीच्या पार्टना पाकीट आठवडाभर जातं, तिथे दोन दिवसांत फस्त."

मी सही केली. आणि सही करून झाल्यावर ते वाक्य डोक्यात फिरलं. रबर कापताना ब्लेड इतक्या लवकर बोथट होत नाही. ब्लेड बोथट होतं पोलादावर घासून.

फिनिशिंगचं टेबल शेडच्या टोकाला, पत्र्याच्या खिडकीखाली. चौघी बसायच्या. साच्यातून निघालेल्या तुकड्याच्या कडेला रबराची जी पातळ झालर उरते, फ्लॅश म्हणतो आम्ही, ती कापून कड साफ करायचं काम. सगळ्यांत जुन्या मावशी शिरूरकडच्या, ठेकेदाराच्या हजेरीवर सात वर्षं. मी म्हटलं, मावशी, एक तुकडा माझ्यासमोर कापा. त्यांना वाटलं चूक काढायला आलोय. हळू, जपून कापायला लागल्या.

"तसं नाही, रोज कापता तसं."

त्यांनी तुकडा मांडीवर घेतला, डाव्या हाताने झालर ताणली, उजव्या हाताने ब्लेड पत्र्याच्या कडेला टेकवलं आणि एका दमात चौदाशे मिमी ओढलं. किर्रर्र. अंगावर काटा यावा असा आवाज. झालर सापासारखी खाली पडली. कड अगदी गुळगुळीत.

"पत्र्याला ब्लेड का लावता?"

"मग झालर निघंल कशी? पत्रा जितं संपतो तितंच झालर हाय. पत्र्याचा आधार घेऊन नाय ओढलं तर दाते राहत्यात, मग तुमचा क्वालिटीवाला परत पाठिवतो."

लुप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावून बघितलं. वरच्या कडेवर, रबर आणि पत्रा जिथे भेटतात बरोबर तिथे, केसाएवढी चकचकीत रेघ. फॉस्फेट नाही, प्रायमर नाही, अ‍ॅडेझिव्ह नाही, नुसतं लोखंड. या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर नंतर रंग मारत होतो खरा, पण तिथे रंग धरत नव्हता. एका बाजूला ताजं कापलेलं रबर, दुसऱ्या बाजूला धारदार कड. रंग कोरडा होताना धारेवरून मागे सरकतो, तिथे थर कागदाहून पातळ राहतो. रत्नागिरीच्या पावसाला आणि खाऱ्या वाऱ्याला एवढी वाट पुरते.

पुढचं काम रबर स्वतःच करतं. हे जरा सांगायला हवं, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं रबर पत्र्यावर निवांत बसलंय. ते तसं नसतं. साच्यात 160 अंशाला पत्रा दोन मिमीहून थोडा जास्तच वाढतो आणि थंड झाल्यावर तेवढाच आखडतो. रबराला मात्र मोकळं सोडलं तर ते तेवढ्याच लांबीत वीस मिमीच्या पुढे आखडेल. बाँडने धरून ठेवलंय म्हणून ते आखडत नाही, पण ओढ कायम. सुरुवातीच्या तुकड्यांचं तर केळं व्हायचं, सपाट बसायचेच नाहीत. शेवटी पत्र्याला लांबीभर दोन पन्हाळी दाबल्या तेव्हा सरळ झाले. ही सगळी ओढ साचते कडेला. मधला बाँड कितीही पक्का असू दे, कडेला नखभर जागा सुटली की रबर वर उचलतं, फटीत पाणी साठतं, रबर ते वाळू देत नाही, गंज आणखी आत सरकतो. रबराने पत्रा झाकला म्हणजे पत्रा वाचला, ही आपली समजूत. झाकलेलं पाणी उघड्या पाण्यापेक्षा वाईट.

दुखणं तसं जुनं. फोक्सवॅगन बीटलला 2003 मध्ये मेक्सिकोत शेवटची गाडी निघेपर्यंत पत्र्याचे, रबर चढवलेले रनिंग बोर्ड होते. जुन्या बीटल बाळगणाऱ्यांना विचारा, रबर वरून धड दिसतं आणि खाली पत्र्याची चाळण झालेली असते. मला हे नंतर वाचून कळलं. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

केबिनमध्ये येऊन ड्रॉइंग उघडलं. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात ती रेघ, म्हणजे झालर येणार ती जागा, पत्र्याच्या वरच्या कडेवर बरोबर ठेवलेली. तिथे ठेवली की साचा सोपा होतो, पत्रा नुसता खालच्या भागात बसवायचा, दोन पिना, एक गोल भोक आणि एक लांबट. साचेवाला खूश, पंधरा दिवस लवकर, पैसेही कमी. कोपऱ्यात काढणाऱ्याच्या रकान्यात माझी आद्याक्षरं. त्या ड्रॉइंगवर मी रबराच्या रेघांचा विचार करण्यात आठवडा घालवला होता. गाडीत चढणाऱ्याचा पाय बाहेरच्या बाजूला घसरतो, म्हणून रेघा गाडीच्या लांबीने हव्यात, पण तशा सलग ठेवल्या तर पन्हळीत पाणी साठतं, म्हणून मधे मधे तोडायच्या, वगैरे. मावशी ब्लेड कुठे टेकवणार, याचा विचार एक मिनिटही केला नव्हता.

तीनच्या आधी मालकांनी बोलावलं. फॉर्म तयार होता. मूळ कारण: ऑपरेटरने ट्रिमिंग करताना कड खरवडली. उपाय: ऑपरेटरला प्रशिक्षण दिले. खाली चार बायकांच्या अंगठे-सह्यांसाठी जागा. असा फॉर्म कुणीही नाकारत नाही. मीही यापूर्वी असे भरले होते, खोटं कशाला बोला.

मी म्हटलं, कारण ड्रॉइंगचं आहे. मालक म्हणाले, "ड्रॉइंगचं आहे म्हणजे साचा बदला. साचा बदला म्हणजे पैसे कुणाचे?" मी गप्प. ते म्हणाले, "बोला की." मी तरी काय बोलणार, पैसे त्यांचेच होते. दहा मिनिटं आमचं जमलं नाही. शेवटी मी मावशींनी कापलेला तुकडा आणि लुप त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, कितीही प्रशिक्षण द्या, ब्लेड पत्र्याला लावल्याशिवाय ही झालर निघत नाही. तुम्ही स्वतः काढून दाखवा. त्यांनी खरंच ब्लेड घेतलं. एकदा, दोनदा. किर्रर्र. ब्लेड खाली ठेवलं आणि फॉर्म फाडला नाही, पण उलटा करून ठेवला.

इन्स्पेक्टर आले ते तोफ लोड करूनच. मी ड्रॉइंगपासून सुरुवात केली. पाच मिनिटांनी त्यांचा आवाज खाली आला, कारण माझ्या आद्याक्षरांशेजारी त्यांच्या डिझाइन विभागाचा मंजुरीचा शिक्का होता. चहा मागवला गेला. साच्याचा खर्च अर्धा-अर्धा ठरला.

नव्या साच्याला दोन महिने लागले. तोवर झालर कात्रीने एक मिमी राखून कापायची, दिसायला कशी का दिसेना. नव्या ड्रॉइंगमध्ये रबर कडेवरून खाली वळवलं, पत्र्याच्या पोटाला 8 मिमी आत नेऊन संपवलं. पत्र्याची धार मोडून गोल केली, कारण धारेवर अ‍ॅडेझिव्हही टिकत नाही. झालर आता खालच्या बाजूला, आणि तिच्या मुळाशी साच्यात इतकी बारीक जागा ठेवली की हाताने ओढली तरी तुटावी. सॉल्ट स्प्रेला पूर्ण पायरी कापून, मेणाशिवाय टाकायची, हेही लिहून घेतलं. लॅबवाला मुलगा नाराज झाला. त्याचे रिझल्ट बरेच महिने खराब येत राहिले, मग सुधारले.

पहिला तुकडा साच्यातून निघाला तो मी फिनिशिंगला नेला. मावशींनी ब्लेड उचललं. म्हटलं, नको, हाताने ओढा. त्यांनी टोक धरलं आणि घेवड्याची शीर काढावी तशी सगळी झालर एका ओढीत काढली. आवाज नाही. चौघी हसायला लागल्या.

"लय सोपं झालं की वो," मावशी म्हणाल्या. "आता चौघी कशाला लागतील?"

स्टोअरच्या काकांनी ब्लेडचं एकच पाकीट दिल्याची नोंद त्या महिन्यात मला मुद्दाम आणून दाखवली. ठेकेदारही हजेरी बघत होताच. पुढच्या सोमवारी खिडकीखालच्या टेबलाशी दोघीच बसलेल्या. मावशी होत्या. त्यांनी गावाहून कामाला आणलेली त्यांची जाऊ नव्हती.