कुणाचं अडलंय

रविवार, रात्री उशिरा

या आठवड्याचं मोडीचं पान झालं, मराठीच्या जुन्या लिपीतलं. केळवणाहून परतायला संध्याकाळ झाली, जेवायचं नव्हतंच, साडी बदलून सरळ टेबलाशी बसले. वाचून, बाळबोधीत म्हणजे नेहमीच्या देवनागरीत उतरवून अकराच्या आत संपलं. कॅलेंडरवर आजच्या चौकोनात बरोबरची खूण केली, दुधाच्या खाड्याच्या शेजारी. एरवी ही खूण करताना बरं वाटतं. आज काहीच वाटलं नाही, आणि झोपही येईना, म्हणून लिहायला घेतलं.

काल वहिनीचा फोन आला होता. केळवण बाराला, पण तू दहालाच ये, हाताशी कुणीतरी हवं. मी म्हटलं, सकाळी माझं मोडीचं पान असतं, तेवढं उरकून साडेअकराला पोचते. त्यावर ती अगदी सहज म्हणाली, "अगं, पुढच्या रविवारी कर की. कुणाचं अडलंय?"

वाईट हेतूनं नाही म्हणाली. मी दहाला गेले, पुरणपोळ्या लाटल्या, नवरीची ओटी भरली, सगळं हसतखेळत झालं. पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण खरंच कुणाचं अडलेलं नाही. माईंच्या गोळ्या चुकल्या तर अडतं. डबा नाही झाला तर अडतं. ऑफिसात तर तारीख उलटायच्या आधीच विचारणा होते. त्या कामांसाठी मला कधी काही ठरवावं लागत नाही, ती माझ्याकडून करून घेतली जातात. आठवड्यात एक गोष्ट मी माझी म्हणून ठरवते, तर ती झाली काय आणि न झाली काय, या घरात एक भांडंसुद्धा वाजत नाही.

हेच लागलं असावं. आज हे पान मी केलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. उद्या सकाळी चहाला "झालं का गं?" असं कुणी विचारणार नाही. इतकी वर्षं सगळ्यांचं विचारत आले. कुणाची परीक्षा, कुणाचा रिपोर्ट, कुणाची बदली. माझं विचारावं असं कुणालाच... जाऊ दे.

आबा असते तर त्यांनी विचारलं असतं. त्यांच्यावर आज नको.

पान कसलं होतं तेही लिहून ठेवते. पणजोबांच्या रोजकिर्दीतलं, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीतलं, शके 1846, म्हणजे 1924. मुंबई इलाख्याच्या सरकारनं 1917 साली कारभारातून मोडी काढायचं ठरवलं होतं, पण पणजोबांच्या हाताला ते ठाऊक नसावं. आधी ओळभर रेघ ओढलेली, तिच्याखाली टाकानं लिहिलेली अक्षरं एकमेकांत गुंतलेली, शब्द तोडलेला नाही, विराम नाही, ह्रस्वदीर्घाचा प्रश्नच नाही. गावाच्या नावाआधी मौजेचं 'मौ॥', एवढा एक ओळखीचा खांब, तिथून मागेपुढे चाचपत जायचं. पैसे मात्र स्वच्छ. साडेबारा रुपये म्हणजे बारावर दोन उभ्या रेघा, पावणेतेरा म्हणजे तीन. आजच्या पानावर बियाण्याची ज्वारी उसनी दिल्याचं आहे, एका बैलाचा व्यवहार आहे, आणि मधल्या एका नोंदीत नुसती तिथी, खाली 'जमा नाही, खर्च नाही'.

त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. लिहायला काही नव्हतं तरी त्यांनी वही उघडली. वाटलं, बघ, हे पण तसेच. मग लगेच वाटलं, नाही, तसेच नाहीत. त्यांना देणेकऱ्यांपुढे ही वही मांडायची होती. हिशेब होता तो. त्यांचं अडत होतं.

आईचं मात्र अडत नव्हतं. तिनं सोळा सोमवार केले ते आठवतंय. 16 आठवडे, दर सोमवारी उपास, संध्याकाळी पूजा, चूर्म्याचा प्रसाद, सतराव्या सोमवारी उद्यापन. मध्येच सुतक आलं. मला वाटलं, झालं, आता पहिल्यापासून. ती म्हणाली, तो सोमवार धरायचा नाही, पुढचा धरायचा. आमच्याकडे तसा रिवाज होता. रडली नाही, उरलेले सोडलेही नाहीत. एक आठवडा वगळला आणि मोजणी पुढे चालू. तिनं कशासाठी धरले होते ते कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आत्ता लिहिताना हे जाणवतंय, की आम्हीही विचारलं नाही.

मला जमलं ते आठवड्यामुळेच. 'रोज अर्धा तास मोडी' माझ्या घरात चालणारच नाही, कारण रोजचा दिवस माझा नसतो. कुणी येतं, कुणी आजारी पडतं, गॅस संपतो. 'वर्षभरात मोडी शिकायची' यात धरायला काही हाताशी लागत नाही. आठवड्याला मात्र लवचीकपणा आहे आणि शेवटही आहे. बुधवारपर्यंत हात नाही लागला तरी शनिवार उरतो. शिवाय ठरवायचं ते मोजता येईल असं हवं. 'अभ्यास करणे' असं लिहिलं की रविवारी रात्री स्वतःशीच वाद होतो, केला की नाही. पान वाचलेलं असतं किंवा नसतं.

आणि न लागणारा शब्द. मोडीच्या वर्गात बाई पहिल्यापासून बजावायच्या, एका अक्षरापाशी संध्याकाळ घालवायची नाही, टिंबं द्यायची, जागा सोडायची, पुढे जायचं. तेच वळण चार ओळी खाली एखाद्या ओळखीच्या नावात भेटतं आणि मागचं आपोआप सुटतं. आजच्या पानातही दोन ठिकाणी टिंबं आहेत. तरी पान झालं असंच मी धरते.

1910 साली इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. त्याच्या कितीतरी आधीपासून ते गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची दफ्तरं मिळवत होते. त्या घरांमधल्या कुणाचं त्या कागदांवाचून अडलं होतं? वाळवीचं तेवढं अडलं असेल. मी काही संशोधक नव्हे, आणि आमच्या रुमालात, कागद बांधलेल्या या गाठोड्यात, राज्याचं राजकारण नाही, ज्वारी आणि बैल आहेत. पण आमच्या घरात हे अक्षर वाचू शकणारी आज मी एकटी आहे. दादाला येत नाही. मुलांना तर मोडी असं काही होतं हेच मी सांगितलं तेव्हा कळलं.

वहिनीचा राग आता राहिला नाही. तिच्या आठवड्यात स्वतःची म्हणावी अशी एक तरी गोष्ट आहे का, हे मी तिला कधी विचारलंय? पूर्वी ती पेटी वाजवायची. लग्नानंतर आली तेव्हा पेटी बरोबर आणली होती, माळ्यावर असेल. तेव्हाही कुणीतरी तिला असंच काहीतरी म्हटलं असणार, त्याशिवाय पेटी माळ्यावर जात नाही. कदाचित आमच्यापैकीच कुणीतरी.

कुणाचं अडलेलं नाही हे कबूल. वहिनीचं बरोबर आहे. अडलेली कामं सोमवारपासून आहेतच रांगेत, ती होतील. हे न अडलेलं माझं मलाच धरून ठेवावं लागणार, कुणी आठवण करणार नाही, कुणी शाबासकी देणार नाही. संध्याकाळी याचंच रडू येत होतं. आता तितकं येत नाही.

या आठवड्याचं ठरवलं ते असं. रोजकिर्दीचं पुढचं पान, पण रविवार सकाळ सोडून शनिवारी दुपारी, माई झोपतात तेव्हा. लग्नसराई संपेपर्यंत रविवार माझे नाहीत. आजपर्यंत उतरवलेली पानं टाइप करायला सुरुवात करायची आणि दादाला पाठवायची, त्यानं मागितली नसली तरी. चालणं आहेच, गुडघ्याला विचारून. आणि बुधवारी वहिनीला फोन करायचा. पेटीचं विचारायचं.