तेवीस बाटल्या, चोवीस झाकणं

लेकीनं डिफ्यूझर, म्हणजे सुगंधी तेलाचा वास घरभर पसरवणारं यंत्र घेतलं आणि माझ्याकडे त्या तेलांच्या रिकाम्या बाटल्या साठायला लागल्या. पुण्याहून साताऱ्याला येताना दर खेपेला दोन-चार आणते. "आई, टाकवत नाहीत गं, तूच बघ काय करायचं ते." गवती चहा, निलगिरी, लवंग, संत्रं, वाळा. सगळ्या 10 नाहीतर 15 मिलीच्या, तपकिरी काचेच्या. दिवाळीच्या आवराआवरीत डबा उपडा केला तर 23 निघाल्या.

माझी 31 वर्षं ज्युनियर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये गेली. सहायक होते, म्हणजे मुलांनी प्रयोग करायचे आणि मी काच धुवायची. तपकिरी बाटलीचं मला पहिल्यापासून कौतुक. सिल्व्हर नायट्रेट आम्ही तिच्यातच ठेवायचो, कारण त्याला उजेड सोसत नाही. सुगंधी तेलांचंही तेच. अशी बाटली भंगारात घालायला माझा हात होत नाही.

पहिल्याच बाटलीनं मात्र माझी फजिती केली. साबणानं घासली, वाळवली, खोबरेल भरून धाकट्या बहिणीला प्रवासाला दिली. रात्री तिचा फोन, "ताई, तेलात गवती चहा उकळलास की काय?" काच स्वच्छच होती. वास धरून बसलं होतं बाटलीच्या तोंडातलं प्लॅस्टिकचं बूच, थेंब थेंब पडावा म्हणून बसवतात ते. आणि झाकण. काचेत तेल मुरत नाही, प्लॅस्टिकात आणि रबरात मुरतं. आयुष्यभर काच धुतलेल्या बाईला हे सुचू नये!

आता बूच आधी काढते, पक्कडीच्या टोकानं, हलवत हलवत. जोर केला तर काचेचा कंगोरा उडतो; एक बाटली तशीच गेली. तळाशी राहिलेलं तेल कापसावर झटकायचं आणि कापूस चपलांच्या कपाटात. संत्र्याचा कापूस मात्र ठेवून देते. लेबल भिजवून काढलं तरी चिकट गोंद राहतोच, तो या कापसानं चोळला की सुटतो. संत्र्याचं नसेल तर खोबरेल आणि खायचा सोडा, पण त्याला मनगट दुखेपर्यंत घासावं लागतं.

मग खरं काम. नुसत्या पाण्यानं तेल निघत नाही. लवंगेच्या बाटलीत पाणी घालून बघा, तेलाचे थेंब तळाशी जाऊन बसतात. निलगिरीचे वर तरंगतात. म्हणून आधी मेडिकलमधलं स्पिरिट. गॅस बंद, खिडकी उघडी. इथं लॅबमधला नियम वापरते: एकदा भरपूर घालण्यापेक्षा तीनदा थोडं थोडं. अर्धा चमचा घालायचं, बोट लावून खळखळवायचं, तेच पुढच्या बाटलीत ओतायचं. शेवटची फेरी तेवढी ताज्या स्पिरिटची. त्यानंतर कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि चिमूटभर तांदळाची कणी. इतक्या अरुंद गळ्यात ब्रश जात नाही, कणी कोपरे घासून काढते. उकळायच्या असतील तर पातेल्यात खाली फडकं घालून गार पाण्यापासून सुरुवात करायची. गरम पाण्यात गार काच टाकली की तडकलीच म्हणून समजा.

बाटली धुतली गेली की नाही हे मी वास घेऊन ठरवत नाही, नाक दोन बाटल्यांनंतर थकतं. पाणी ओतून देऊन बाटली खिडकीशी धरायची. आत पाण्याचा सलग पडदा दिसला तर काच स्वच्छ. थेंब थेंब धरले तर तेल आहे, पुन्हा पहिल्यापासून. वाळवायला उपडी ठेवली तरी आतला शेवटचा थेंब बाहेर येत नाही, म्हणून पुन्हा चमचाभर स्पिरिट फिरवून ओतून देते. तासाभरात कोरडी.

चार बाटल्यांत शिलाई मशीनचं तेल भरलं. त्यांत जुनीच बुचं ठेवली; मशीनला वासाचं काय! आणि थेंब नेमका हवा तिथं पडतो. बाकीच्यांत प्रवासाचं खोबरेल, बदामतेल, आणि दोनांत खिडकीतल्या जुईच्या काड्या. खायचं-प्यायचं किंवा औषध मी यांत कधीच भरत नाही. उलटही घोळ होऊ शकतो, म्हणजे कुणी निलगिरीची बाटली औषधाची समजून लहान पोराला पाजायची. जिवावर बेतेल. म्हणून प्रत्येक बाटलीवर आत काय आहे ते मार्करनं लिहिते आणि वर सेलोटेप लावते.

झाकणांसाठी पुण्यात बोहरी आळी गाठली. सोबत एक बाटली नेली, कारण आटे जुळले नाहीत तर झाकण नुसतं फिरत राहतं. दुकानदारानं बाटली बघितली, म्हणाला, "किती ग्रोस?" ग्रोस म्हणजे बारा डझन. म्हटलं, "बावीस नग." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एक वाटाणा मागितलाय. शेवटी दोन डझन घ्यावी लागली.

त्यामुळे दोन झाकणं जास्तीची आहेत. काल लेकीला फोन करून विचारलं, तो वाळा संपत आला का गं?