आरेतली म्हैस आणि पोराचा प्रश्न

रविवारी आरेला गेलेलो, तबेल्यापाशी बाईक थांबवली तर पोरगा विचारतो, बाबा गाय आणि म्हैस मिक्स का नाही करत, दूध जास्त पण आणि घट्ट पण! मी गप्प. मग मामेभावाला फोन लावला, तो साताऱ्याकडे गुरांचा डॉक्टर आहे. म्हणाला, अरे गायीची गुणसूत्रं ६०, मुऱ्हा म्हशीची ५०, जुळणार कशी? घोडा ६४ आणि गाढव ६२, म्हणून खेचर तरी होतं, पण ते ६३ वालं, बहुतेक वांझच.

मग साहेब सुटलेच. म्हशीचा खरा लोचा म्हणजे मुका माज, म्हणजे गाभण राहायची वेळ येते पण दिसत नाही, ती गायीसारखी ओरडत नाही, दुसरीवर चढत नाही, त्यात उन्हाळ्यात तर काही कळतच नाही, आणि एक माज चुकला की परत साधारण २१ दिवस थांबा, चारा मात्र रोज चालूच. आता म्हणे फक्त पारड्या व्हाव्यात म्हणून वेगळ्या रेतकांड्या, म्हणजे वीर्य भरलेल्या बारीक नळ्या, मिळतात, मादी होते त्या एक्सवाल्या शुक्राणूत डीएनए नरवाल्या वायपेक्षा जवळपास ४ टक्के जास्त असतो, त्यावरून मशीन वेगळे काढतं. दहातल्या नऊ वेळा मादीच. भारीये ना? आणि गाभण राहिली की दहा महिने दहा दिवस वाट बघायची.

पोरगा तोवर भुट्टा खाण्यात बिझी.