मामाची परीक्षा

आज भाचीच्या इंग्रजीच्या अभ्यासाला बसलो. पहिलाच प्रश्न: कन्व्हिन्स आणि परस्वेड यात फरक काय? मी म्हटलं, दोन्ही म्हणजे पटवणंच. "मामा, मग दोन शब्द कशाला?" झाली पंचाईत.

चष्मा शोधला, जाडजूड डिक्शनरी काढली. कन्व्हिन्सच्या पोटात लॅटिन 'विंकेरे' निघालं, म्हणजे जिंकणं. दोषी ठरवणारा कन्व्हिक्टही याच घरातला! म्हणजे समोरच्याला वादात चीतच करायचं. परस्वेडचं कूळ मात्र थेट संस्कृत 'स्वादु'शी जुळतं. गोड बोलून गळी उतरवणं, अगदी शब्दशः. आणि डिक्शनरीत कन्व्हिन्सच्या शेजारीच दिसलेल्या कन्व्हर्टमधला 'वर्ट' नि परिवर्तनातला 'वर्त' हे तर सख्खे चुलत. (कोपऱ्यात घूं घूं करणारा आमचा इन्व्हर्टरही त्याच भावकीतला.)

वापरातला जुना भेद सांगितला: कन्व्हिन्स केलं की मत बदलतं, परस्वेड केलं की माणूस कामाला लागतो.

"म्हणजे चॉकलेटनं दात किडत नाहीत हे आईला पटलं तर कन्व्हिन्स, आणि तिनं चॉकलेट दिलं तर परस्वेड?"

मी मान डोलावली. ती उठून स्वयंपाकघरात गेली. "मम्मा, आज तू कसली छान दिसतेयस गं!" परतली तेव्हा हातात अर्धी कॅडबरी. दातांचा विषय निघालाच नव्हता म्हणे.