खालचा कप

दोन दिवस मी एका कपाशी झुंजत होतो. बेअरिंगचा कप, म्हणजे टेपर रोलर ज्याच्या आत फिरतात ती पोलादी कडी. तळहातावर मावेल एवढी.

जुलैच्या पावसात कुर्ल्याच्या आमच्या गॅरेजात डॉज कंपनीचा एक ट्रक आला. पाऊण टनी, 1943 चा, अमेरिकन सैन्यासाठी बनलेला. युद्ध संपल्यावर असे बरेच ट्रक इथेच विकले गेले आणि पुढे कित्येक वर्षं माल वाहत राहिले. मालक मुलुंडचे. वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची त्यांची फार इच्छा. स्टेअरिंग मध्येच अडकायचं, थोडा वेग घेतला की पुढची चाकं थरथरायची. किंगपिनची, म्हणजे ज्या खुंटीवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं तिची, बेअरिंगं गेली होती.

चाक खोलतानाच नुकसान झालं. या गाडीच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. टायरवाल्याने पान्याला पाइप लावला, त्यावर उभा राहिला आणि चाक धरणारे दोन आटेदार खुंट, म्हणजे स्टड, तोडले. स्टडच्या टोकावर लेफ्टचा 'एल' कोरलेला होता. तो न बघता जोर लावणाऱ्या माणसाचा मला अजून राग आहे.

ॲक्सलच्या टोकाला पोकळ गोळा असतो, त्याच्याभोवती चाकाची जोडणी वळते. गोळ्यात वर एक, खाली एक असे दोन कप दाबून बसवलेले. वरचा पितळी ड्रिफ्टने, म्हणजे ठोकायच्या दांड्याने, अर्ध्या तासात निघाला. खालचा हलेना. पाणी खालीच साचतं, आणि ऐंशी पावसाळे खाल्लेल्या गाडीत गंज कुठे संपतो आणि लोखंड कुठे सुरू होतं तेच कळत नाही. आतून कपाची जेमतेम दोन मिलिमीटर कड दिसत होती, ओढून काढायच्या पुलरची नखं तिथून सटकत होती. रात्रभर डिझेल पाजलं. गोळा गॅसने तापवला, तर कपही त्याच्याबरोबर फुगला. ड्रिल लावलं, बिटाचं टोक निळं पडलं. हे पोलाद कानसेलाही दाद देत नाही. शेवटी मी छन्नी लावली.

आमच्याकडचा आयटीआय झालेला मुलगा पहिल्याच संध्याकाळी म्हणाला होता, "काका, कपाला आतून वेल्डिंगचा एक रन मारून बघू का?"

मी त्याला गप्प केलं. बेअरिंगजवळ वेल्डिंग नाही, हे मी तीस वर्षं सांगत आलोय. चालू बेअरिंगला ते खरंच आहे, रोलरमधून करंट गेला की खड्डे पडतात. पण हा कप तर फेकायचाच होता. एवढा साधा विचार मी दोन दिवस केला नाही.

तिसऱ्या दिवशी वेल्डिंगची अर्थ-वायर थेट गोळ्याला लावून मुलाने रन मारला. कप लाल झाला, फुगू पाहत होता, पण भोवतीचा जाड गोळा त्याला जागा देईना. मग तो आतल्या आत चेपला. थंड होताना वेल्डिंग आकसलं आणि कपालाही घेऊन आकसलं. काही मिनिटांनी टक् असा आवाज आला. मुलाने बोटाने ढकलला, कप ट्रेमध्ये पडला.

बॅटरी आत धरली. बसणीच्या भिंतीवर माझ्या छन्नीची खाच, करंगळीच्या नखाएवढी. बाकी जागा 1943 साली कापली तशीच, गुळगुळीत. असा गोळा आता दुकानात मिळत नाही.

खाचेची वर आलेली कड अर्धगोल कानसेने आणि दगडाने घासून काढली, पण खाच खोल राहिलीच. नवा कप समोरच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवला. त्याने तो मिलिमीटरचे काही शतांश भाग आकसतो, तेवढं पुरतं. कप सरळ बसला, कडेला फट मोजायचं 0.05 मिलिमीटरचं पान कुठेच शिरलं नाही. शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, बदलत बदलत स्प्रिंगकाट्याने ओढून वळण्याचा जडपणा जुळवला.

झाकण लावण्याआधी मालकांना बोलावून खाच दाखवली. बेअरिंग बसल्यावर ती दिसणार नव्हती, म्हणूनच दाखवली. ते वाकून बघत राहिले.

"ही जुनी का?"

"नाही. माझी."

"इथून पाणी शिरेल?"

"नाही. सील बाहेर बसतं."

ते "बरं" म्हणाले.

उजवा गोळा अजून खोलायचाय. तिथे पहिल्या तासालाच वेल्डिंगचा होल्डर मुलाच्या हातात देणार आहे.